विलोबी स्टेशन, व्हाया नेरळ

आपला पॉडकास्ट इतिहासाचा, पण आज सुरुवात करतोय एका जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेपासून. ६ मे १९६० ला सीबीएस या चॅनलवर दाखवलेला एक भाग. जेमतेम पंचवीस मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट. मालिका ‘द ट्वायलाइट झोन’, भागाचं नाव ‘अ स्टॉप ॲट विलोबी’. आणि तिथून आपल्याला जायचंय थेट माथेरानला. म्हणाल, काय संबंध? ऐका तर.

आधीच सांगतो, शेवट फोडणार आहे. भाग पासष्ट वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे स्पॉयलरची तक्रार चालणार नाही. तरी कुणाला आधी बघायचाच असेल तर इथे पॉज करा.

मालिका काय होती?

‘द ट्वायलाइट झोन’ १९५९ ते १९६४ या काळात चालली. एकूण १५६ भाग, दर वेळी नवी गोष्ट, नवी पात्रं. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची ‘गहिरे पाणी’ ज्यांनी पाहिलीय त्यांना साधारण अंदाज येईल. रॉड सर्लिंग हा या मालिकेचा कर्ताधर्ता. निम्म्याहून जास्त भाग त्यानेच लिहिले, आणि सुरुवातीला सूट घालून निवेदन करायलाही तोच यायचा.

सर्लिंग सायन्स फिक्शनकडे का वळला, याचं कारण भारी आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला. सर्लिंगला त्यावर टीव्ही नाटक करायचं होतं. पण टीव्हीचा पैसा जाहिरातदारांचा. त्यांनी आणि चॅनलने स्क्रिप्टमध्ये इतकी काटछाट करायला लावली की मूळ विषय ओळखूही येईना. मग सर्लिंगने ठरवलं, जे सरळ बोलू देत नाहीत ते मंगळावरच्या आणि भुताखेतांच्या गोष्टीत घालून बोलायचं.

आणि आजच्या भागाचा हिरो कोण, तर जाहिरात कंपनीतला साहेब!

गोष्ट

गार्ट विल्यम्स न्यूयॉर्कमधल्या जाहिरात एजन्सीत मोठ्या पदावर आहे. एक मोठा क्लायंट हातचा गेलाय आणि भर मीटिंगमध्ये बॉस त्याला झापतोय. बॉसचा एकच मंत्र: पुश, पुश, पुश. धंदा ढकलत राहायचं, थांबायचं नाही. विल्यम्स पोट धरून बसलाय. घरी बायकोला त्याचा पगार हवाय, तो नकोय.

रोज संध्याकाळी तो लोकलने घरी जातो. नोव्हेंबरचा बर्फ पडतोय. गाडीत त्याचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा डबा जुन्या काळचा झालेला, बाहेर लख्ख ऊन, आणि स्टेशनचं नाव विलोबी. वर्ष १८८८, महिना जुलै. बँड वाजतोय, एक जण मोठ्या चाकाची जुनी सायकल चालवतोय, पोरं गळ घेऊन मासे पकडायला निघालीत. कुणालाच घाई नाही.

मग दचकून जाग येते. कंडक्टर सांगतो, या लाइनवर असं स्टेशनच नाही.

पुढे एकदा पुन्हा तेच होतं. या वेळी तो उतरायला जातो तोवर गाडी सुटते. मग एक दिवस ऑफिसात त्याचा पार तोल जातो. बायकोला फोन करतो, ती फोन ठेवून देते. त्या संध्याकाळी विलोबी आलं की तो बॅग सीटवरच सोडून उतरतो. गावातले लोक त्याला नावाने हाक मारतात. तोही सांगतो, आता इथेच राहणार.

आणि कट. अंधार, बर्फ, हलणारा कंदील. विल्यम्सने धावत्या गाडीतून उडी मारलीय. त्याला नेणाऱ्या गाडीचं दार बंद होतं आणि त्यावर अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं: विलोबी अँड सन.

मला काय आवडलं, काय खटकलं

मी नेरळचा. सकाळची लोकल पकडून ठाणे, तिथून गाडी बदलून ऐरोली, तिथल्या आयटी पार्कात नोकरी. विंडो सीट मिळाली की बदलापूरच्या आत झोप लागते. त्यामुळे विल्यम्स मला लगेच कळला. ‘पुश’ हा शब्द तर आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा येतो. कोड पुश, डेडलाइन पुश, टीमला पुश. रात्री अकराला कॉल चालू असताना आपणही एक विलोबी शोधत असतोच ना?

लिखाण म्हणून भाग फार घट्ट बांधलाय. पहिल्याच सीनमध्ये माणसाची कोंडी कळते आणि शेवटचा धक्का दोन सेकंदांत बसतो. जेम्स डेलीने विल्यम्सचं थकलेपण नुसत्या खांद्यांतून दाखवलंय.

खटकलेल्या गोष्टी दोन. एक, बायकोचं पात्र. तिला एकही बरं वाक्य दिलेलं नाही. नवऱ्याचा संसार मोडायचा म्हणून तिला खलनायिका करून टाकलंय. दुसरी गोष्ट मोठी आहे आणि आजचा एपिसोड तिच्यावरच आहे. विलोबीत काम कोण करतं? बँड वाजतोय, घोडागाडी चाललीय, रस्ते स्वच्छ आहेत. पण घाम आलेला एक माणूस दिसत नाही. लादी कोण पुसतं, पाणी कोण आणतं, घोड्याची लीद कोण उचलतं?

आता तुम्ही म्हणाल, अरे, ते स्वप्न आहे! बरोबर. पण सर्लिंगने स्वप्नाला नेमकं वर्ष दिलंय, १८८८. मग आपण इतिहासवाले ते वर्ष तपासून बघणारच.

खरं १८८८

आधी अमेरिका. मार्च १८८८ मध्ये, म्हणजे विल्यम्सच्या जुलैच्या चारच महिने आधी, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटच्या पट्ट्यात भयंकर हिमवादळ झालं. चारशेहून जास्त माणसं मेली, गाड्या रुळांवर अडकून पडल्या. विल्यम्सची लोकल याच भागातली! त्याच वर्षी शिकागोकडच्या एका मोठ्या रेल्वे कंपनीत इंजिन ड्रायव्हरांचा संप झाला. आणि दोन वर्षं आधी, १८८६ च्या मे महिन्यात, आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोच्या रस्त्यावर रक्त सांडलं होतं. आपण आज १ मे पाळतो तो त्यातूनच आला. म्हणजे विल्यम्सला ज्या काळात शांतता दिसते, त्या काळातले कामगार ‘आम्हाला थोडी विश्रांती द्या’ म्हणून मार खात होते.

आता मुंबई. १८८८ मध्ये गिरणीतल्या कामगाराला रविवारची सुट्टी नव्हती. सूर्य उगवला की आत, मावळला की बाहेर. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनकडे दिला. आठवड्याची एक सुट्टी द्या, दुपारी जेवायला अर्धा तास द्या, अशा साध्या मागण्या. गिरणी मालक सहा वर्षं बधले नाहीत. शेवटी १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली.

हे नीट लक्षात घ्या. आज आपण शुक्रवारी संध्याकाळी ‘वीकेंडला माथेरान?’ असा मेसेज टाकतो, त्यातला वीकेंड असा आलाय. निवांतपणा मागच्या काळात कुठे ठेवलेला नव्हता. तो लोकांनी पुढे जाऊन, भांडून मिळवला.

आपलं विलोबी

आता माथेरान. ऑफिसातले मित्र मला नेहमी म्हणतात, “तुझं बरंय यार, टाइम मशीन घराशेजारीच आहे.” त्यांचं चूक नाही. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं, तिथे सगळ्या गाड्या थांबतात. पुढे मोटारींना बंदी, अपवाद ॲम्ब्युलन्ससारख्या गाड्यांचा. लाल माती, घोडे, झाडी. साधारण आठशे मीटर उंचीवर, हॉर्न नसलेलं गाव. नेरळ स्टेशनवर झोपेतून उठून उतरलेल्या माणसाला विलोबीच वाटेल.

पण या गावाचाही इतिहास जरा उलगडून बघू. पुस्तकात लिहिलेलं असतं की माथेरानचा ‘शोध’ १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने लावला. चौक गावाच्या बाजूने तो वर चढला. वाट दाखवायला सोबत गावचा पाटील होता, असं सांगतात. आता ज्या डोंगराची वाट गावच्या पाटलाला माहीत आहे, जिथे ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून वावरतात, त्याचा शोध कसा लागतो? पण तेव्हापासून माथेरान ‘हिल स्टेशन’ झालं हे खरं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने तिथे रस्ते, बंगले उभे करायला चालना दिली. १८५६ मध्ये रेल्वे या खोऱ्यातून खोपोलीपर्यंत पोचली आणि मुंबईचे साहेब, पारशी शेठ उन्हाळ्यात इकडे यायला लागले.

मग विलोबीच्या वर्षी, १८८८ ला, नेरळहून माथेरानला कसं जायचे? घोड्यावर, नाहीतर पालखीत. पालखी म्हणजे माणसांच्या खांद्यावर. डोंगर तोच, चढ तोच. वर बसलेल्याला हवा थंड लागत होती आणि खालच्याला घाम फुटत होता.

ती टॉय ट्रेन? ती तेव्हा नव्हतीच. बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने ती बांधली. १९०४ ला काम सुरू, १९०७ ला गाडी सुरू. खर्च सोळा लाख रुपये, तेव्हाचे! रुळांतलं अंतर फक्त दोन फूट. वीस-एकवीस किलोमीटरचा मार्ग, एका ठिकाणी चढ एकास वीस, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. इतक्या तीव्र वळणांवर साधं इंजिन वळेना, म्हणून जर्मनीहून खास इंजिनं मागवली. त्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या जोड्या वळणावर थोड्या सरकू शकायच्या. मी मेकॅनिकलवाला नाही, तरी हे डिझाइन वाचून खूश झालो.

मुद्दा असा की आज ज्या गाडीसमोर आपण ‘जुने दिवस’ म्हणून सेल्फी काढतो, ती १९०७ साली त्या डोंगरावरचं सगळ्यात नवं तंत्रज्ञान होतं. डोंगर चढायला माणसाचे खांदेच लागतात, ही गोष्ट तिने मोडली.

आणि गाव झोपलेलंही नव्हतं. भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १९१२ मध्ये माथेरानलाच जन्मले. नाभिक कुटुंबातला मुलगा, वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. आसपासच्या आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या, शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्यकोठारं उभी केली. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून ब्रिटिश सरकारच्या नाकी नऊ आणले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सर्लिंगच्या विलोबीत असा माणूस जन्मूच शकत नाही, कारण तिथे कुणाला काही बदलायचंच नाही.

पुश, पुश, पुश

आता येतो खऱ्या मुद्द्यावर. दस्तुरी नाक्यावरून बाजारात जायला अडीच-तीन किलोमीटर. चालत जा, घोड्यावर जा, शटल ट्रेन असेल तर अमन लॉजहून तिने जा. आणि इतकी वर्षं चौथा पर्याय होता, हातरिक्षा. एक जण पुढे दांडा धरून ओढतो, मागून एक-दोघं ढकलतात. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात धूळ. गिऱ्हाईक, त्याच्या बॅगा, रिक्षाचं वजन, आणि वर चढ.

विल्यम्सचा बॉस केबिनमध्ये बसून ‘पुश’ म्हणायचा. इथे माणसं खरोखर पुश करत होती.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील वर हातरिक्षा ओढायचे. सीझनमध्ये पोरगा त्यांना फार कमी भेटायचा. त्याच्या घरी गेलो की काका ओट्यावर पाय लांब करून बसलेले असायचे, गुडघ्यांना काहीतरी चोळत. एकदा मी बोलून गेलो, “काका, वर किती मस्त वाटतं ना, गाड्याच नाहीत.” ते हसले. “बाळा, गाड्या नाहीत म्हणून तर आम्ही आहोत.”

या वाक्यात माथेरानचं सगळं अर्थशास्त्र आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. निर्णय योग्यच होता. तो नसता तर आज वर काय झालं असतं ते आपण दुसऱ्या हिल स्टेशनांवर बघतोच. पण मोटारबंदीचं ओझं सगळ्यांनी सारखं उचललं नाही. पाहुण्याला शुद्ध हवा मिळाली, आणि त्याच्या बॅगांचं वजन रिक्षावाल्याच्या गुडघ्यांवर गेलं.

मग हातरिक्षावाल्यांनीच मागणी केली: आम्हाला ई-रिक्षा द्या. धूर नाही, आवाज नाही, आणि आमची पाठ वाचेल. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रयोग म्हणून धावल्या. प्रयोग संपला, बंद झाला, पुन्हा परवानगी, पुढे वीस ई-रिक्षा. हातरिक्षांचे परवाने होते ९४. म्हणजे बाकीचे ७४ जण ओढतच राहिले.

विरोधही झाला, आणि तो सगळाच खोटा नव्हता. घोडेवाल्यांचं पोट घोड्यावर आहे. पर्यावरणवाल्यांची भीती अशी की आज ई-रिक्षा, उद्या त्यासाठी पेव्हर ब्लॉकचे रस्ते, परवा मोटारी. मला ही भीती समजते. पण ‘माथेरान जसं आहे तसंच राहू दे’ हे वाक्य मी ज्या मुंबईकरांच्या तोंडून ऐकलं, त्यातल्या एकानेही कधी रिक्षा ओढलेली नव्हती.

६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानुष आहे, संविधानाने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनाशी ती जुळत नाही, सहा महिन्यांत ती बंद करा. गुजरातमध्ये केवडियाला आहे तशा पद्धतीने सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन याच लोकांना भाड्याने चालवायला द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पर्यावरणाचा मुद्दाही कोर्टाने सोडला नाही. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला परवानगी, पण आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकच्या वाटांवर नाही. म्हणजे रिक्षावाल्याची पाठ आणि डोंगराची माती, दोन्ही वाचवता येतात.

मग विलोबीचं काय?

सर्लिंगला पहिल्या सीझनमधला हा भाग सगळ्यात आवडायचा, असं म्हणतात. तोही ‘जुने दिवस छान होते’ इतकंच सांगत नाहीये हो. शेवटी दार बंद होतं तेव्हा दिसतं की भूतकाळात उतरायला गेलेला माणूस जिवंत परत आलेला नाही. पण विल्यम्सला दुसरा रस्ता तो दाखवत नाही. एकीकडे बॉस, दुसरीकडे विलोबी, बस. नोकरीचे तास कमी करा असं एकदा तरी बॉसला सांगावं, बाकीच्या सहकाऱ्यांशी बोलावं, हे विल्यम्सच्या मनातही येत नाही. तो एकटाच झोपतो आणि एकटाच उतरतो.

लोखंडे एकटे नव्हते. माथेरानचे हातरिक्षावाले एकटे नव्हते. त्यांना जुन्या काळात परत जायचं नव्हतं, कारण जुन्या काळात ते पालखीच्या खाली होते. त्यांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कोर्टाच्या तारखांना गेले, आणि बॅटरीवर चालणारी एक छोटी गाडी मागितली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतलं खरं सायन्स फिक्शन हेच आहे: नवं यंत्र आलं आणि माणसाचा वेग कमी झाला, त्याला श्वास घ्यायला वेळ मिळाला. आम्ही ऑफिसात रोज नवं यंत्र बनवतो आणि आमचे तास वाढतात. तेव्हा यंत्र कुणी मागितलं आणि कुणासाठी, हा प्रश्न इंजिनिअरने कोड लिहिण्याआधी विचारायला हवा, नंतर नाही.

तर भाग जरूर बघा. मी पाचपैकी चार देईन, एक मार्क बायकोच्या पात्रासाठी कापला. आणि पुढच्या वेळी माथेरानला गेलात तर दस्तुरी नाक्यावर दोन मिनिटं थांबून बघा, तिथून तुमच्यासाठी ओझं कोण नेतंय आणि कसं. ई-रिक्षा मिळाली तर चालवणाऱ्या दादांशी बोला. आधी काय ओढायचे ते विचारा. इतिहास तिथेच सापडेल.

तुमच्या घरात कुणी गिरणीत, गोदीत, घाटात असं अंगमेहनतीचं काम केलं असेल, तर त्यांना पहिली पगारी सुट्टी कधी मिळाली ते विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. आणि हो, लोकलमध्ये हे ऐकत असाल तर आपलं स्टेशन चुकवू नका. भेटू पुढच्या आठवड्यात.